धुराचा पंखा

आमच्या अकोल्याच्या खोलीत चुलीच्या वर पंखा होता हे सांगितलं, की बायका अजूनही माझ्याकडे अशा पाहतात, जसं काही मी चांदीच्या पाटावर बसून भाकरी थापत होते. अहो, हवा खायचा पंखा नव्हता तो. धूर बाहेर ओढायचा पंखा होता. भिंतीत उंचावर एक भोक, भोकात पंखा, आणि त्याचं तोंड बाहेर बोळाकडे. सासरची माणसं पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाई मान वर करून पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, इथं माणसाले वारा भेटत नाही आन तुमी धुराले वारा घालून राहिले. सगळे हसले. मीही हसले, कारण तेव्हा माझा नवरा घरात होता.

नवऱ्याला 'हे' म्हणायची आमची रीत. इथंही तेच म्हणते, नाव काही घेणार नाही. हे अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते. गाव नांदगाव खंडेश्वरकडचं, घरी काळी जमीन, विहिरीवर भाजीपाला. शेतीची हौस धाकट्या दिराला, यांचा सगळा जीव तारांमध्ये. मी अमरावतीची, मळ्यात फुलं आणि भाजी पिकवून विकणाऱ्याच्या घरची. आई लहानपणीच गेली. बापानं दुसरं केलं आणि नव्या बाईला मी कधी डोळ्यांपुढे चालले नाही, म्हणून माहेर हा विषय लग्नातच मिटला होता.

ती खोली आम्हाला मिळाली तीच मुळी पंख्याच्या अटीवर. वरच्या मजल्यावर घरमालक राहायचे. कचेरीत नाझर होते, पेन्शनीत निघालेले. बायको वारलेली, मूलबाळ नाही, आणि छातीला दमा. आमचं छत म्हणजे त्यांची जमीन, लाकडी फळ्यांची, आणि फळ्यांमध्ये फटी. खाली चूल पेटली की धूर थेट त्यांच्या खाटेखाली. आधीच्या बिऱ्हाडाला त्यांनी धुरापायीच काढलं होतं. यांनी त्यांना शब्द दिला, की धूर वर आला तर आमी आपणहून खोली सोडू.

पंखा आला तो जिनिंगच्या भंगारातून. जिनिंगमध्ये आधी घरचा डायनामो होता, त्याची वीज बेताच्या जोराची. पुढे गावात वीज आली ती दुप्पट जोराची, म्हणून जुने पंखे मोडीत निघाले. त्यातला हा एक. नव्या विजेवर सरळ जोडला तर जळून जाईल, काहीतरी युक्ती करावी लागेल, असं हे म्हणाले. ती युक्ती केली तेव्हा मी चुलत बहिणीच्या लग्नाला अमरावतीला गेले होते. परत आले तर पंखा घरघर फिरत होता. युक्ती काय केली हे मी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. आमच्यात बोलणं असंच, कामापुरतं.

बोलणं कमी, पण काम करताना मी लागायचीच. स्टूल धर, पक्कड दे, तार ताण. तेवढ्यात मधूनमधून शिकवायचे, तेही माझ्याकडे न पाहता. वीज म्हणजे रहाट आहे, म्हणायचे. भरलेलं पोहरं जाते, रिकामं परत येते. एका जागी दोरी तुटली का सारा रहाट बसला. मी मळ्यातली पोर, हे मला लगेच समजलं. आणखी एक गोष्ट नेहमी सांगायचे, की आधी डोळ्यानं पाह्य, मंग हात लाव.

मग लढाई आली. सरकारला वायरमन पाहिजे होते, फिटर पाहिजे होते. हे गेले. कोणी धरून नेलं नाही, आपल्या मनानं गेले, आणि मला सांगितलं ते जेवताना मीठ मागावं तसं. मला रागच आला. रागानं मी दोन दिवस धड बोलले नाही, आणि मग बोलायला दिवसच उरले नाहीत.

स्टेशनावर सासरे आले होते, दीर आला होता. वडील माणसांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही, म्हणून मी पदर दातात धरून खांबाला टेकून उभी. गाडी हलली तेव्हा हे खिडकीतून बाहेर वाकले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "खोली सोडू नोको. मी आलो का सरळ इथंच येतो."

लग्न झाल्यापासून यांनी माझ्यासाठी म्हणून बोललेलं एवढं मोठं वाक्य मी दुसरं ऐकलं नव्हतं. ते वाक्य घेऊन मी घरी आले आणि पुढची कितीतरी वर्षं त्याच्याच जोरावर काढली. हे सांगायला आता लाज वाटत नाही.

सासरे माणूस चांगला. त्यांना खरं तर मला त्याच दिवशी गाडीनं बडनेऱ्यापर्यंत आणि तिथून गावाला न्यायचं होतं. जवान सून शहरात एकटी राहते म्हणजे काय, लोकं काय म्हणतील, हे त्यांचं म्हणणं. मी आज येते, उद्या येते करत राहिले. शेवटी एका दिवाळीला ते स्वतः आले आणि दारात उभं राहूनच बोलले. राहा म्हणाले, तुझ्या मनासारखं कर. पण घरमालकानं एक शब्द जरी वाकडा काढला, तर त्याच पावली न्यायले येतो, मंग माझं ऐकाच लागन. मी मान हलवली. तेव्हापासून माझं सगळं त्या नाझरांच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि त्यांचं तोंड त्या पंख्यावर.

पोटाचं म्हणाल तर त्याची फिकीर नव्हती. हार-गजरे करायला मी आईच्या पाठीवर असल्यापासून शिकलेली. पहाटे फुलं घ्यायची, सकाळी चूल आटोपून बाजाराच्या तोंडाशी बसायचं, दुपारी घरी. फिकीर होती ती दुपारनंतरची. एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे काय करायचा? एक भाकर टाकायची, पिठलं हलवायचं, आणि भिंतीकडे तोंड करून खायचं. गजरे विकताना दिवसभर तोंड चालायचं, घरी आले की जीभ टाळूला चिकटायची. कोणाशी भांडावं तर भांडायलाही माणूस नाही. कधीकधी मी भांडी मुद्दाम आपटायची. पंख्याची घरघर सुरू झाली की जरा बरं वाटायचं. घरात दुसऱ्या कशाचा तरी आवाज आहे एवढंच.

आणि यांची काही खबर? ती यायची गावावरून. पत्रं सासऱ्यांच्या नावानं गावाला जायची. बायकोच्या नावानं पत्र लिहिणं म्हणजे तेव्हा आमच्यात निर्लज्जपणा. आणि बापाला लिहिलेल्या पत्रात बायकोचा शब्द काढणं त्याहून मोठा निर्लज्जपणा. सासरेही उत्तरात माझा उल्लेख करायचे नाहीत. सासऱ्यानं सुनेबद्दल पोराला काय लिहायचं? दीर कधी अकोल्याला आला की सांगायचा, दादा खुशाल आहे. मी विचारायची, आणखीन काय लिहिलं? तो आठवून म्हणायचा, पाऊसपाण्याचं विचारलं, विहिरीचं विचारलं, तांबड्या बैलाचं विचारलं. मला त्या तांबड्या बैलाचा इतका राग यायचा की काय सांगू. पण यात यांची काही चूक आहे असं मला वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी तसंच होतं.

थंडीचे दिवस होते. रानात कापूस वेचून झाला की कपाशीच्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, स्वस्त मिळतात, त्या मी रचून ठेवल्या होत्या. दवानं ओल्या झालेल्या. सकाळी चूल पेटवली, पंख्याचं बटन दाबलं, आणि पंखा फिरला नाही. पुन्हा दाबलं. नाही. ओल्या पऱ्हाटीचा धूर ज्यानं पाहिला आहे त्यालाच कळेल. डोळे मिटून मी पाण्याचा तांब्या शोधला आणि चूल विझवली, तोवर वर नाझरांचा खोकला सुरू झाला होता. मग काठी. त्यांना रागावायचं असलं की ते काठी जमिनीवर आपटायचे, म्हणजे माझ्या डोक्यावर.

त्या दिवशी मी फुटाणे खाल्ले. दुसऱ्या दिवशी वाळलेल्या चार काड्यांवर पटकन भाकर भाजावी म्हटलं, तरी काठी आलीच. संध्याकाळी वरची भांडेवाली निरोप घेऊन दारात उभी राहिली. नाझरसाहेब म्हणतात, महिना भरला की खोली खाली करा, गावाकडच्या माणसाले तसं कळवून देतो. तिनं ते गोड आवाजात सांगितलं, जसं काही हळदीकुंकवाचं बोलावणं आहे. मी दार लावून घेतलं आणि तिथंच खाली बसले.

रडले का? रडले. पण रडून झालं की मला नेहमी राग येतो, तसा तेव्हाही आला. बाहेर बोळात चूल मांडावी तर नाझरांची परवानगी नाही. दुसऱ्या वायरमनला बोलवावं तर तेही नाही. जिनिंगमधला यांचा एक सोबती आधी एकदा पंख्याला तेल घालायला आला होता, भला माणूस, दार सताड उघडं ठेवून काम करून गेला. दुसऱ्या दिवशी नळावर बायकांनी माझ्याकडे पाहून अशा काही माना वळवल्या, की मी त्याला पुन्हा येऊ नका सांगितलं. राहिलं कोण? मीच राहिले.

दुपारच्या उजेडात स्टूल लावलं आणि वर चढले. आधी डोळ्यानं पाहिलं. पंख्याच्या पात्यांवर काजळी आणि तेलाचा थर, बोटभर. काठीनं ढकललं तर पाती सहज फिरली, म्हणजे अडकलेला नव्हता. तरी राख आणि चिंधी घेऊन तो सगळा पुसला. कमळाच्या पाकळ्या पुसाव्या तशी पुसली ती पाती, आणि बटन दाबलं. नाहीच.

मग बटनाकडे वळले. चिनीमातीचं, वर पितळी टोपण. टोपण फिरवून काढलं आणि आत दोन तारा नीट बसलेल्या दिसल्या. इथं माझी अक्कल गहाण पडली. डोळ्यानं पाहून झालं म्हणून हात लावला. खांद्यापर्यंत अशी झिणझिणी गेली की मी स्टुलावरून खालीच आले, आणि हातातली पक्कड लागून एक तार जागेवरून निसटली ती निसटलीच. कोपर फुटलं. जमिनीवर बसून मी वीज, लढाई, सरकार आणि तो तांबडा बैल, सगळ्यांचा उद्धार केला.

पण बसल्या बसल्या एक गोष्ट डोक्यात आली. झटका बसला म्हणजे वीज बटनापर्यंत येते आहे. भरलेलं पोहरं येतं आहे. मग परत जायच्या वाटेवर दोरी तुटली आहे. कुठं? भिंतीवर लाकडी पट्टी होती, तिच्यातून तारा नेलेल्या. मी पट्टीखालून लांबूनच बोट फिरवत गेले. बटनापासून पंख्याकडे एक तार. पंख्यापासून दुसरी तार परत बटनाकडे यायला हवी, निदान मेनकडे, म्हणजे साऱ्या घराच्या विजेच्या खटक्याकडे. ती येत नव्हती. ती वर जात होती. कोपऱ्यातून सरळ वर, छताच्या फळीत भोक, आणि भोकातून नाझरांच्या घरात.

मी किती वेळ त्या भोकाकडे पाहत राहिले. आमचा पंखा आणि नाझरांचं घर यांचा काय संबंध, ते काही उमगेना. एवढं कळलं, की वर जावं लागणार.

नाझरांचा जिना बाहेरून, बोळातून. मी त्या घरात राहून कधी त्या जिन्यानं चढले नव्हते. काम नव्हतं, आणि एकट्या बाप्याच्या घरी एकट्या बाईनं जायचं नाही, मग तो म्हातारा का असेना. भांडेवाली वर असतानाची वेळ साधली, डोक्यावर पदर घेतला आणि निघाले. जिना दिवसाही अंधारा होता, भिंत चाचपडत जावं लागलं. वरच्या पायरीपाशी दार, दाराबाहेर भिंतीवर मेन, आणि मेनच्या वर छताला दिव्याचा होल्डर. होल्डरमध्ये दिवा नव्हता. आमच्या फळीतून वर आलेली तार त्या होल्डरला जाऊन मिळाली होती, आणि होल्डरमधून दुसरी तार मेनमध्ये.

तेव्हा यांची युक्ती मला समजली. नव्या विजेचा जोर पंख्याला झेपत नव्हता, म्हणून निम्मा जोर दिव्याला खायला दिला होता. एकाच दोरीत दोघं ओवलेले. पंखा फिरला की दिवा लागणार, आणि दिवा काढला की पंखा बसणार. जिना अंधाराचा, म्हणून दिवा इथं लावला, म्हणजे तोही कामी आला. मला एवढा आनंद झाला की मी त्या अंधारात एकटीच हसले. आणि लगेच यांची आठवण आली. डोकं चालायचं हो त्या माणसाचं.

नाझर दारात आले. बोळात ते दिसले की मी पदर ओढून मान खाली घालायची, त्यामुळे त्यांना नीट कधी पाहिलंच नव्हतं, आणि काठीच्या आवाजावरून मोठा धिप्पाड माणूस धरला होता. समोर उभा होता तो वाळलेला म्हातारा, अंगात स्वेटर, त्याच्यावर शाल. मी विचारलं, इथला दिवा कोणी काढला? ते म्हणाले, त्यांनीच. मूर्तिजापूरची बहीण येऊन गेली होती. तिनं भर सकाळी दिवा जळताना पाहिला आणि कपाळावर हात मारला. दिवसाउजेडी दिवा जळतो तो मयताच्या घरी, हे कसलं अवलक्षण. म्हणून तिच्यासमोरच त्यांनी काढून कोनाड्यात ठेवला.

मी त्यांना पंख्याचं सगळं सांगितलं. रहाट, पोहरं, दोरी, सगळं. दिवा काढला म्हणून पंखा बसला, पंखा बसला म्हणून धूर वर आला, आणि धूर आला म्हणून तुमची काठी माझ्या डोक्यावर. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग होल्डरकडे पाहत बोलले, हळू, खोकल्याच्या मधून.

"मला वाटायचं, तो दिवा तुम्ही माझ्यासाठी लावता. मी सकाळी खाली उतरतो त्या वेळेला."

मला खोटं चटकन सुचत नाही. मी म्हटलं, "मले तर इथं दिवा आहे हेच ठाऊक नव्हतं, बाबा."

त्यांनी मान हलवली. असं होय, म्हणाले. मग शाल सावरत आत गेले आणि कोनाड्यातून दिवा घेऊन आले. इतकी वर्षं हा माणूस रोज सकाळी तो दिवा लागायची वाट पाहत असेल आणि लागला की काठी उचलून खाली उतरत असेल, हे माझ्या मनात आलं आणि फार वाईट वाटलं. कोणीतरी आपल्यासाठी करतं आहे, एवढ्यावर माणूस किती दिवस काढतो. पण मी फक्त दिवा घेऊन होल्डरमध्ये बसवला. ते माझे घरमालक होते, आणि भांडेवाली दाराआडून ऐकत होती.

दिवा बसवून झाला तरी काम राहिलं होतं, खाली माझ्याच धसमुसळेपणानं तार निसटली होती. मी त्यांना मेन बंद करायला सांगितलं आणि मी हाक मारेपर्यंत हात लावू नका असं बजावलं. कचेरीत हुकूम देणारा माणूस, पण मुकाट्यानं मेनजवळ उभा राहिला. मी खाली आले, तारेचं टोक खरवडून चकचकीत केलं, भोकात घातलं, स्क्रू पिळला. टोपण लावलं आणि फळ्यांकडे तोंड करून ओरडले, की चालू करा. बटन दाबलं. पंखा आधी कण्हला, मग एक फेरा, मग दुसरा, आणि घरघर सुरू झाली. त्याच वेळी वरून नाझरांचा आवाज आला, लागला म्हणून. मी खालून सांगितलं, फिरला. त्या घरात आम्ही दोघं एकमेकांशी मोठ्यानं बोललो ते तेवढंच.

मी चूल पेटवली आणि हे गेल्यापासून पहिल्यांदाच एकटीसाठी दोन भाकरी केल्या. दिव्याला दिवसा कोणी पाहू नये म्हणून नाझरांनी पुढे त्याच्याभोवती पत्र्याचं झाकण करून घेतलं. खोली सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढच्या दिवाळीला सासरे आले तेव्हा ते वर जाऊन चौकशी करून आले, आणि खाली येऊन नुसतं बरं म्हणाले. मी त्यांना पोटभर जेवू घातलं. खोली वाचली होती. आता फक्त हे यायचे राहिले होते.

लढाई संपली. लोक परत यायला लागले, कोणी धडका, कोणी मोडका. मुंबईकडून येणारी गाडी आधी अकोल्याला लागते, मग मूर्तिजापूर, मग बडनेरा. तिची शिटी आमच्या बोळात ऐकू यायची. मी भिंती पोतेऱ्यानं पांढऱ्या केल्या, जमीन सारवली, नवी घोंगडी घेतली. बाजारातून गाडीच्या वेळेआधी घरी यायचं, दार उघडं ठेवायचं. हे दार वाजवतील आणि मी आतच असेन, एवढंच मला पाहिजे होतं.

एका सकाळी दार वाजलं. दीर होता, वांग्यांची टोपली घेऊन. आनंदानं तोंड फुललेलं. दादा आला, वहिनी, म्हणाला. मी त्याला बाजूला सारून बोळात पाहिलं. बोळ रिकामा. कुठं आहे विचारलं, तर म्हणाला, घरी. आठवडा झाला. गाव जेवलं, आहेर झाला. सगळी गडबड, म्हणून निरोप द्यायले उशीर झाला. मी वांगी उतरवून घेतली. त्याला चहा केला. तो काय काय सांगत होता, दादा असा दिसते, दादा तसा दिसते. मला फक्त बडनेरा एवढंच ऐकू येत होतं. बडनेऱ्याला उतरला म्हणजे अकोल्यावरून गेला.

आणखी चार-पाच दिवसांनी हे आले. काळे पडलेले, गाल बसलेले, हातात लष्करातली पेटी. दारात उभे राहून त्यांनी खोलीकडे पाहिलं, वर पंख्याकडे पाहिलं, आणि पायरीवर बसून बूट सोडले. मी पाणी दिलं. ताट वाढलं. पदर सावरून समोर बसले, आणि इतक्या वर्षांत ज्या माणसाला मनातल्या मनात हजार गोष्टी सांगितल्या त्याला पहिली गोष्ट विचारली, की गाडी अकोल्याले थांबली नाही काय?

"थांबली ना. बराच वेळ थांबली. मी उतरून चहा घेतला."

"मंग?"

"मंग काय? तू गावाले असशील, मले काय माहीत तू इथं आहे. कोणी लिहिलं नाही." त्यात खोटं काही नव्हतं. कोणीच लिहिलं नव्हतं आणि यांनी कोणालाच विचारलं नव्हतं. आमच्यात विचारत नाहीत.

मी म्हटलं, "तुमीच म्हनलं होतं. खिडकीतून. खोली सोडू नोको, मी सरळ इथंच येतो."

हे थांबले. मुद्दाम नाही, खरंच आठवून पाहत होते. कपाळाला आठ्या घालून, तुटलेली तार शोधताना पाहायचे तसं पाहत होते. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले. त्यांना काहीच आठवलं नाही, ते मला दिसलं.

"म्हनलं असन," ते म्हणाले, आणि ताट पुढे ओढून जेवायला लागले.